सगळ्यात कमी कागद

टाळ्या सुरू झाल्या तेव्हा ती पर्समध्ये रुमाल शोधत होती. शेजारच्या बाईने कोपराने ढोसलं, "अहो, तुमच्या विभागाचं नाव घेतलं. उठा!" ती उठली. बँकेच्या मुख्य कार्यालयातलं मोठं सभागृह त्या सकाळी भाड्याच्या कुंड्यांनी भरून गेलं होतं. त्यांच्यातून वाट काढताना कसलंसं पान तिच्या गालाला घासलं आणि ते खरं निघालं याचंच तिला नवल वाटलं. मंचावर अध्यक्ष उभे होते, गर्द हिरव्या टायमध्ये, हातात माइक. सगळी बँक त्यांना पाठीमागे पोपट म्हणायची, रंगामुळेही आणि बोलण्यामुळेही. "संपूर्ण बँकेत," ते म्हणाले, "वर्षभरात सगळ्यात कमी कागद कुणी वापरला? कर्ज छाननी विभागाने! मित्रांनो, हे लोक पूर्वी रिमच्या रिम फस्त करायचे. आणि आज? जवळजवळ शून्य! या त्यांच्या प्रमुख, आपली हरित वाघीण!" लोक हसले. तिच्या हातात बांबूच्या फळीचं सन्मानचिन्ह आलं, फोटोवाला "इकडे मॅडम" म्हणाला, तिने तिकडे बघितलं, दात दाखवले. आणि मंचाच्या पायऱ्या उतरताना, एक पाय वर आणि एक खाली असतानाच, डोक्यात काहीतरी खटकन पडलं. कागद का कमी लागला? तिने तर कधी कुणाला कागद वाचवा म्हणून सांगितलं नव्हतं. प्रिंटर बंद होता, कारण छापायला काही नव्हतं. फायली येतच नव्हत्या. दुकानांच्या, घरांच्या, टेम्पोच्या येत होत्या. पण ज्यांना पाणी लागतं, जे धूर सोडतात, अशांची मोठी फाइल शेवटची कधी आली होती? तिला वाटत होतं मंदी आहे. सगळे म्हणत होते मंदी आहे. "मॅडम, उतरताय ना?" मागून कुणीतरी म्हणालं. "पुढचं बक्षीस जिना चढणाऱ्यांचं आहे."

तिचा राग नेहमी उशिरा यायचा. पाहुणे गेल्यावर सुचणाऱ्या उत्तरासारखा, भांडी घासताना, अंथरुणावर पाठ टेकल्यावर. आज तो लिफ्टमध्येच आला. कानाच्या पाळ्या तापल्या, हातातली फळी एकाएकी जड झाली. पहिला राग पोपटाचा नव्हताच; फोटोत दात दाखवले त्याचा होता. आपल्यालाच आपल्या बारशाला बोलवावं तसं आपल्याला आपल्याच तेराव्याला बोलावलं, हारतुरे घातले, आणि आपण हसलो. तिच्या खोलीत तिची माणसं आनंदात होती. कपाटावरच्या जुन्या फायली उतरवून त्यांनी फळीसाठी जागा केली होती. "मॅडम, आपण जिंकलो!" कारकून म्हणाला, आणि तिला त्याच्या तोंडावर ती फळी फेकावीशी वाटली, बिचाऱ्याचा काही दोष नसताना. प्रिंटरवर कुणीतरी बाटलीत वेल लावून ठेवली होती. वेलीला नवी पानं फुटली होती. ती वेल तिथे किती तरी दिवस असणार, आणि तिने ती रोज पाहिली असणार, छान दिसते असंही म्हटलं असणार. तिने फळी उलटी करून टेबलावर आपटली आणि लंबूकडे निघाली.

लंबू म्हणजे तिच्याच हाताखाली शिकलेला अधिकारी. आता तो अध्यक्षांचा विशेष सहायक होता आणि त्यांच्या केबिनच्या बाहेरच बसायचा. केबिन म्हणायचं, पण तिला दार नव्हतं. पोपट आला त्याच आठवड्यात त्याने दार बिजागऱ्यांसकट काढून टाकलं होतं. "माझ्याशी बोलायला कुणाला टकटक करावी लागू नये," तो म्हणाला होता, आणि तेव्हा तिनेही मनापासून टाळ्या वाजवल्या होत्या. झालं इतकंच, की दार गेल्यापासून त्या खोलीत कुणी काही बोलेनासं झालं. आत जे बोलावं ते बाहेरच्या बाकावरच्या माणसालाही ऐकू जाई, मग लोक आत जाऊन हवापाण्याच्या गप्पा मारत, वा सर म्हणत आणि बाहेर येत. वाईट बातमी सांगायला आडोसा लागतो, हे एवढ्या शिकलेल्या माणसाला कसं कळत नाही? की कळतं, आणि म्हणूनच दार नाही? हे तिला अजून ठरवता आलं नव्हतं, आणि त्याचाही तिला राग होता.

"मोठ्या कर्जांच्या फायली कुठे जातात रे?" तिने उभ्याउभ्याच विचारलं.

लंबूने आधी बिनदाराच्या चौकटीकडे बघितलं. आत कुणी नव्हतं. "जलद मार्गाने जातात, मॅडम. मोठ्या ग्राहकांच्या. त्यांनी स्वतःच जाहीर करायचं की आम्ही सगळे नियम पाळतो. मग बाहेरची एक सल्लागार कंपनी त्यांना हिरवी पानं देते, हॉटेलांना तारे देतात तशी. एक पान, दोन पानं, पाच पानं. पाच मिळाली की फाइल सरळ समितीपुढे."

"आणि छाननी?"

"म्हणजे... तीच छाननी."

"मला कुणी सांगितलं नाही."

"मेल आला होता ना. 'कागदविरहित छाननीकडे एक पाऊल'."

आला होता. तिने वाचलाही होता. तिला वाटलं होतं, कागदाबद्दल आहे. "कागदाबरोबर छाननीही गेली, हे तुला कळलं होतं की नाही?" लंबू पेनचं टोपण काढत-घालत राहिला. एवढा साडेसहा फुटी माणूस, पण खुर्चीत बसल्या बसल्या आणखी आणखी आखूड होत गेला. "आज दुपारी समिती आहे. त्यात काय आहे?" तिने विचारलं. तो इतक्या हळू बोलला की तिला वाकावं लागलं. "रंगाचा कारखाना, मॅडम. नाल्याकाठचा. दुप्पट करतायत. पाच पानं मिळालीत."

तो कारखाना तिला कुणी सांगायला नको होता. त्या नाल्याच्या काठी, कारखान्याच्या खालच्या अंगाला, तिच्या थोरल्या नणंदेची लाँड्री होती. वन्सं आणि त्यांचे यजमान दवाखान्यांच्या चादरी धुवायचे, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट. पत्र्याची मोठी शेड, भिंतीला लागून यंत्रं, उन्हात दोऱ्यांवर चादरींच्या भिंती. लग्न होऊन आली तेव्हा तिला त्या चादरींमधून चालायला फार आवडायचं, दोन्ही बाजूंनी पांढरं, मध्ये आपण, गरम साबणाचा वास, आणि पलीकडून कुठून तरी वन्संचा आवाज, "हात लावू नकोस गं, डाग पडेल!" आता डाग हात लावल्याशिवायच पडत. बोअरचं पाणी आधी नुसतं जड झालं, मग त्याला लोखंडासारखी चव आली, मग चादरी धुवून निघाल्या की चहात बुडवून काढल्यासारख्या दिसू लागल्या. एका दवाखान्याने काम काढून घेतलं, मग दुसऱ्याने. वन्संनी गाळणी बसवली, औषधं टाकली, टँकर आणला. गेल्या खेपेला त्या म्हणाल्या होत्या, "पांढरं पांढरं राहत नाही गं आता. निळं दे, काळं दे, मी तुला चकचकीत करून देते. पण दवाखान्यात काळी चादर कोण घालणार?" आणि स्वतःच हसल्या होत्या. त्या हसल्या की त्यांच्या हातांवरच्या भेगा तिला दिसायच्या, कारण हसताना त्या तोंडावर हात धरायच्या. घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली होती, "तुमच्या बहिणीचं काहीतरी बघायला हवं." तो म्हणाला होता, "ताईचं ताई बघेल. ती कुणाचं ऐकते का?"

आणि हा कारखाना तिच्या बँकेने उभा केला नव्हता. म्हाताऱ्याने त्याला दोनदा परत पाठवलं होतं. म्हातारा म्हणजे पोपटाच्या आधीचे अध्यक्ष. तोंडावर सगळे साहेब म्हणायचे. म्हातारा हे नाव त्यांनी स्वतःच घेतलं होतं. "म्हाताऱ्याला जिना चढवत नाही, फाइल खाली आणा," असं ते शिपायाला सांगत. पर्यावरण हा शब्द तिने त्यांच्या तोंडून एकदाही ऐकला नव्हता. चिडके होते, चिकट होते, कुणाचं कौतुक करायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. त्यांची केबिन म्हणजे अंधारी गुहा, आणि दार कायम बंद. पण त्या दारामागे त्यांना काहीही सांगता यायचं. साहेब, तुमचं चुकतंय, असंही सांगता यायचं, ते आरडाओरडा करत, टेबलावर मूठ आपटत, आणि तिसऱ्या दिवशी बोलावून म्हणत, "तू म्हणत होतीस ते परत सांग." समितीत ते सगळ्यात शेवटी बोलत. सगळ्यात नव्या माणसाला आधी बोलावं लागे. "मी तोंड उघडलं की तुम्ही सगळे माझ्यासारखं बोलणार," ते म्हणत, "मग मी एकटाच बडबडतोय असं मला वाटतं. त्यापेक्षा घरी बसेन." नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते तेव्हा ते तिला एका कागद गिरणीवर घेऊन गेले होते. मालकाने पुढच्या बागेत खुर्च्या मांडल्या होत्या, सरबत होतं. म्हातारा खुर्चीकडे न बघता तरातरा गिरणीच्या मागे निघून गेला, मालक मागे धावला, ती त्याच्या मागे धावली. मागच्या गटाराशी उभं राहून त्यांनी तिला विचारलं, "कसला वास येतोय?" ती म्हणाली, "कुजक्या अंड्यांचा." मालक म्हणाला, "छे छे, आज वारा उलटा आहे." म्हातारा म्हणाला, "वाऱ्याचं तू बघ. पोरी, तू तुझ्या अहवालात कुजकी अंडी लिही. असंच लिही. गंध-बिंध लिहिलंस तर बघ." तिने लिहिलं. संचालक हसले. त्या गिरणीला कर्ज मिळालं नाही, आणि मग मालकाने झक मारत पाणी शुद्ध करायची यंत्रणा बसवली तेव्हा मिळालं. "ज्याचा मागचा दरवाजा घाण, त्याचा हिशेब घाण," म्हातारा परतताना गाडीत म्हणाला होता, "आणि घाण हिशेबाला कर्ज देणारी बँक म्हणजे घाणीची भागीदार. यात पुण्य-बिण्य काही नाही. धंद्याची गोष्ट आहे." मग ते झोपी गेले होते, तोंड उघडं टाकून. ते वारले तेव्हा पोपटाने सगळ्या बँकेला मेल पाठवला होता. फार सुंदर मेल. खाली हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, कृपया हा संदेश छापू नका.

समितीची खोली गार होती. लांबट टेबलावर काचेचे तांबे, प्रत्येकापुढे एकेक पडदा, कागद कुठेच नाही. पदामुळे ती अजून सदस्य होती; आता लंबूही होता. हल्ली बोलावणं आलं की ती छोट्या कर्जांपुरती येऊन, सह्या करून उठून जायची. आज ती उठली नाही. पोपट खुर्चीत न बसता टेबलाच्या कडेवर टेकला होता, बाह्या वर सारलेल्या. तो आधी बोलला. नेहमी तोच आधी बोलायचा, आणि छान बोलायचा. कारखान्याने छतावर सौर पट्ट्या कशा बसवल्या, झाडं किती लावली, मालकाचा मुलगा परदेशातून काय शिकून आलाय. "मला विचाराल तर," तो म्हणाला, "हे कर्ज नाही, ही हिरवी भागीदारी आहे. अर्थात हे फक्त माझं मत. तुम्ही मोकळेपणाने बोला." कुणी पडद्यावर बोट फिरवलं. कुणी पाणी ओतलं. मोकळेपणाने बोला म्हटलं की मोकळेपणा कसा आवळून येतो, गळ्यातल्या टायसारखा, हे तिला त्या एका क्षणात इतकं स्वच्छ दिसलं की तिचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे गेला.

"कारखान्याच्या मागे कोण गेलं होतं?" तिने विचारलं.

"पाच पानं आहेत, मॅडम," कुणीतरी म्हणालं.

"पानं कुणी मोजली ते नाही विचारलं. मागच्या बाजूला कोण गेलं होतं?"

पोपट टेबलावरून खाली उतरला. तिच्या खुर्चीपाशी आला, तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि अगदी मऊ आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हे मला इथे काढायचं नव्हतं. पण तुमचे नातेवाईक राहतात ना त्या भागात? लाँड्री आहे त्यांची. अशा फाइलवर तुम्ही बोलणं... तुमच्याच दृष्टीने बरं दिसत नाही." तिने ते त्याला स्वतःच सांगितलं होतं. तो नवा आला तेव्हा प्रत्येकाला एकेकटं बोलावून चहा पाजत असे, "तुमची गोष्ट सांगा, कामाची नको, घरची," म्हणत असे. कुणी इतक्या वर्षांत तिला घरचं विचारलं नव्हतं. तिने वन्संबद्दल सांगितलं होतं, चादरींबद्दल, पाण्याबद्दल. त्याचे डोळे पाणावले होते. तेव्हाच त्याने ते घडी घालून खिशात ठेवलं होतं, वेळेला उपयोगी पडेल म्हणून. खांद्यावरच्या हाताची ऊब तिला ब्लाउजमधून लागत होती.

"हात काढा," ती म्हणाली.

त्याने काढला.

"हो, माझी नणंद आहे तिथे. तुमचं कोण आहे? तुमचं? आणि तुमचं?" ती एकेकाकडे बोट करत गेली. आयुष्यात कधी तिने कुणाकडे असं बोट केलं नव्हतं. "कुणाचंच कुणी नाही. म्हणून तर पाच पानं! माझं कुणी तिथे आहे हा माझा गुन्हा, आणि तुमचं कुणी नाही ही तुमची लायकी, असं आहे का?"

मग पोपट हसला. तो हसेल याची तिला खात्री होती. "मला हेच आवडतं," तो म्हणाला. "मतभेद ही आपली ताकद आहे. नोंद घ्या, एक विरोध. बाकी सगळ्यांची संमती?" हात वर झाले. एक, दोन, जवळजवळ सगळे. त्याने तिच्या रागाचा हार करून स्वतःच्याच गळ्यात घातला होता, आणि आता त्या रागाचं काय करायचं हे तिला कळेना. लंबूचा हात मात्र खांद्यापर्यंत येऊन थांबला. तो त्या हाताकडे असा बघत होता जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

"मी गेलो नव्हतो," तो म्हणाला. पडद्याकडे बघत म्हणाला. "शिफारस मी लिहिलीय, सर. पण मी तिथे गेलो नव्हतो."

"ठीक आहे, तुम्ही व्यस्त..."

"मी गेले होते." हा आवाज टेबलाच्या टोकाकडून आला. तिथे एक नवी अधिकारी मुलगी बसली होती, पडद्यावरची चित्रं पुढे सरकवायला. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "मला पुढची बाग दाखवली. मागे जायचं म्हटलं तर म्हणाले, फाटकाची किल्ली हरवलीय. मी तासभर थांबले. मग मी... मग मी परत आले."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?" पोपटाने विचारलं, आणि त्याला खरंच आश्चर्य वाटत होतं, तेच सगळ्यात भयंकर होतं. "माझ्या केबिनला तर दारसुद्धा नाही!"

कुणीच हसलं नाही. तो विनोद नव्हता, तरी न हसण्यामुळे तो विनोद झाला. वर गेलेले हात कुणाचं तरी ऐकल्यासारखे हळूहळू खाली आले. एकाने जाता जाता केस सारखे केले, एकाने तांब्या ओढला. सगळ्यात जुने संचालक घसा खाकरून म्हणाले, "मग एकदा मागून बघूनच घेऊ. घाई काय आहे?" फाइल पुढच्या सोमवारवर गेली. त्या सकाळी लंबूने, त्या मुलीने आणि तिने जाऊन यायचं, किल्ली सापडो न सापडो. बाहेर पडताना पोपट तिला म्हणाला, "मी तुमचा शत्रू नाही हो. नवीन हरित प्रसार विभाग काढतोय. तुमच्यासारखा आवाज हवाय तिथे." ती म्हणाली, "आवाज छाननीत लागतो." आणि जिन्याने उतरली. आनंद व्हायला हवा होता. लंबू मागून धावत आला, "मॅडम, मॅडम," त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तिला त्याचं कौतुक वाटण्याऐवजी त्याच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटली. इतके दिवस काय करत होतास? मी बोलेपर्यंत वाट बघत होतास? मी नसते आले तर? पण ती एवढंच म्हणाली, "जेव जाऊन," आणि पुढे गेली.

रविवारी सकाळी ती एकटीच वन्संकडे गेली. जाऊन सांगावं असं तिला फार वाटत होतं. कुणाला तरी, ज्याला त्याचा उपयोग आहे अशाला. शेडमध्ये एकच यंत्र चालू होतं. वन्सं कमरेला पदर खोचून ओल्या चादरी टोपलीत काढत होत्या. त्यांचे यजमान दवाखान्यात काम मागायला गेले होते. तिने टोपलीचा दुसरा कान धरला आणि दोघी दोऱ्यांकडे निघाल्या. चादरी टाकता टाकता तिने सगळं सांगितलं. बक्षीस, पोपट, बोट, लंबूचा हात. सांगताना तिला हसू येत होतं. वन्सं चिमटे लावत राहिल्या. मध्ये उगाच एक चादर काढून त्यांनी परत झटकली.

"म्हणजे कर्ज अडकलं," त्या म्हणाल्या.

"सध्या तरी अडकलं."

"कुणी अडकवलं म्हणालीस?"

"मी. म्हणजे सुरुवात मी केली."

"शाबास." चिमटा त्यांच्या हातात तसाच होता. "दुप्पट करायचं म्हणजे जागा लागते की नाही? कुठे बांधणार होते ते, हवेत?"

तिने हातातली चादर परत टोपलीत टाकली.

"ही जागा घेणार होते गं! शेडसकट. सगळं बोलणं झालं होतं. कर्ज मंजूर झालं की लगेच व्यवहार. आम्ही तिकडे वरच्या अंगाला जागाही बघून ठेवली, पाणी चाखून बघितलं मी तिथलं. गोड पाणी आहे."

"मला बोलला नाहीत."

"तुझ्या नवऱ्याला बोलले. तो म्हणाला, ताई, तिला सांगू नकोस, ती बँकेत आहे, उगाच तिची पंचाईत होईल."

नवरा सकाळी पेपर वाचत होता. कुठे निघालीस, त्याने विचारलं. तुमच्या बहिणीकडे. बरं, तो म्हणाला होता, आणि पान उलटलं होतं. सगळीकडे सगळ्यांना सगळं ठाऊक. तिला मात्र सांभाळून ठेवलेलं. तोंड उघडून ओरडावं तर कुणावर? पोपट इथे नव्हता, नवरा इथे नव्हता. इथे ही बाई होती, भेगाळलेल्या हातांची, जिच्यासाठी आपण वाघिणीसारखे भांडलो असं तिला आत्ता आत्तापर्यंत वाटत होतं.

"दुसरं कुणी नाही घेणार?" तिने विचारलं.

"ही जागा? या पाण्याची? घाण केली त्यालाच विकता येते अशी जागा. दुसऱ्याला काय सांगू, ये, चादरी पिवळ्या करून घे?" वन्संचा आवाज चढला. "तू सोमवारी जा आणि हो म्हण. फाटकाच्या मागे काय आहे ते मी तुला सांगते. लाल पाणी आहे. बघितलंस, झालं. आता हो म्हण."

"वन्सं, खाली वस्ती आहे. इथे नाल्याला एवढं, मग दुप्पट झाल्यावर..."

"मला वस्ती शिकवतेस? मी राहते इथे. तू रविवारी येतेस."

ते तिला लागलं, आणि खरं असल्यामुळे अधिकच लागलं. हो म्हणणं इतकं सोपं होतं. लंबू सुटकेचा श्वास टाकेल, संचालक मान हलवतील, पोपट तिला मिठीच मारील. त्या नव्या मुलीच्या चेहऱ्यावरचा लाल रंग तेवढा हळूहळू उतरेल, आणि मग ती कधीच कुठेच काही बोलणार नाही. या घरात थोरल्या नणंदेला द्यायची उत्तरं ठरलेली होती: बघते, विचारते, तुम्ही म्हणाल तसं. लग्नापासून तिने हीच वापरली होती आणि तिची कधी तक्रार नव्हती; वन्संनी तिला बाळंतपणात आईसारखं सांभाळलं होतं. शेडमधलं यंत्र गरगरत होतं, त्या घरघरीत स्वतःचा आवाजही ऐकू येत नव्हता.

"नाही," ती म्हणाली.

"काय?"

"नाही म्हटलं, वन्सं! मी हो म्हणणार नाही!"

ती ओरडली तेवढ्यात यंत्र थांबलं. शेवटचे शब्द पत्र्यावर आदळून परत आले. रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला वळून बघून गेला. वन्सं तिच्याकडे अशा बघत होत्या जणू ही कोण बाई आपल्या चादरींत शिरली. रडतील, असं तिला वाटलं. त्या रडल्या असत्या तर तिने कदाचित सगळं कबूल केलं असतं. पण त्यांनी रिकामी टोपली उचलली, शेडमध्ये गेल्या, यंत्राचं झाकण उघडलं आणि कपडे कोंबायला लागल्या, एकेक असा की जणू गळा दाबतायत. ती मागोमाग दारापर्यंत गेली. "मी दुसरी जागा बघते, तुमच्यासाठी. बँकेतून नाही, माझी मी. यांनाही बोलते. काहीतरी..." वन्सं कोंबत राहिल्या. "वन्सं, माझ्यावर राग काढा. काय बोलायचं ते बोला." झाकण धाडकन बंद झालं. ती बराच वेळ उंबऱ्याशी उभी राहिली. त्यांच्या पाठीकडे, घामाने चिकटलेल्या ब्लाउजकडे, सुटलेल्या अंबाड्याकडे बघत. त्या पाठीला हात लावायचा धीर तिला झाला नाही. नियम पाळला, नोकरी पणाला लावली, आणि हे. तिला राग आला होता, असा की आतापर्यंतचे सगळे राग त्याच्यापुढे खेळणी वाटावेत, आणि त्या रागातही ती आपला शब्द मागे घेणार नव्हती, हे तिचं तिलाच नवीन होतं. तिने पायात चपला सरकवल्या.

"येते मी," ती म्हणाली.

वन्संनी यंत्राची कळ दाबली. पाणी आत पडायला लागलं.

"जा," त्या म्हणाल्या.